गुडघे धरलेत: पाण्यात उतरावं की खुर्चीवर बसूनच व्यायाम करावा?

आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टरांनी बजावलं, गुडघ्यांवर भार नको, पण व्यायामही सोडू नका. दोन्ही एकदम जमेल असे दोनच मार्ग आम्हाला सापडले: पोहण्याच्या तलावात उथळ बाजूला चालणं किंवा घरी खुर्चीवरचा व्यायाम. आम्ही दोन्ही करून पाहिले.

दुखणं फार असेल तर माझं मत पाण्याच्या बाजूनं. कमरेइतक्या पाण्यात शरीराचं साधारण निम्मंच वजन पायांवर येतं, छातीपर्यंत उतरलं तर जेमतेम एक तृतीयांश. अंगणात चार पावलांत कण्हणारी आई तिथं कठडा धरून पंधरा मिनिटं चालली, तेव्हा मला भरून आलं. पोहता यायची गरज नाही. पाय हळू हलवला तर पाणी वाट देतं, जोरात हलवला तर अडवतं. म्हणजे जोर किती लावायचा ते आपल्या हातात. तोल गेला तरी आपटायची भीती कमी.

अडचण शिडीची. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या तलावाला सरळ उभी लोखंडी शिडी होती. उतरताना काही वाटलं नाही. चढताना पाण्याबाहेर येताच सगळं वजन परत गुडघ्यांवर आलं आणि आई तिसऱ्या पायरीवर अडकली. दोघींनी हात दिला तेव्हा वर आली. म्हणून आधी एकट्यानं जाऊन बघून या: रुंद पायऱ्या आणि धरायला कठडा आहे का, उथळ बाजूला पाणी कुठवर येतं, फरशी निसरडी आहे का, बायकांची वेळ वेगळी आहे का. साडी नेसून उतरू नका, ओली झाली की पायात गुंतते.

सोलापुरात उघड्या तलावाचं पाणी एप्रिल-मेमध्ये सुखाचं असतं. डिसेंबरच्या सकाळी मात्र गारठ्यानं सांधे आणखी आखडतात. अशा दुखण्याला तीस अंशांच्या आसपासचं कोमट पाणी बरं.

खुर्चीला रिक्षा लागत नाही, पैसे लागत नाहीत. नळाला पाणी यायच्या दिवशी भांडी भरण्यात तलाव हमखास चुकतो, खुर्ची चुकत नाही. पाय सरळ करून पाच आकडे धरायचा, मग हातांचा आधार न घेता दहा वेळा उठबस. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची सरकते. हाडं ठिसूळ झाली असतील तर ही उठबस पाण्यापेक्षा जास्त उपयोगी, कारण हाडांना भार लागतो तो जमिनीवरच.

उघडी जखम असेल, फिट येत असतील, छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. अर्धांगवायू झालेल्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी पाण्यातच हवं; काठावरच्या जीवरक्षकावर भागत नाही.

आई आता मार्च ते मे आठवड्यातून तीनदा रुंद पायऱ्यांच्या तलावावर जाते. बाकी वर्षभर देवघरासमोरची लाकडी खुर्ची, सकाळच्या चहाआधी.