अॅम्लो की टेल्मी? दोन्ही घेऊन झाल्यावरचं मत

बीपीच्या गोळीचा कसला आलाय रिव्ह्यू असं वाटेल, पण लोक मोबाईलच्या चार्जरवर पानभर लिहितात आणि जी गोळी रोज पोटात जाते तिच्यावर दोन ओळी पण नाहीत, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून परस्पर गोळी बदलायची नाही, फार तर पुढच्या व्हिजिटला काय विचारायचं ते कळेल.

माझी पहिली अॅम्लोडिपीन. ही कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत जो स्नायू असतो त्यात कॅल्शियम शिरू देत नाही, मग तो आवळत नाही, नळी सैल पडते आणि प्रेशर उतरतं. हाडांच्या कॅल्शियमशी हिचं काही देणंघेणं नाही, ती भीती काढून टाका. मला हिचा आवडलेला गुण म्हणजे विसराळू माणसाला सांभाळून घेते. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे एखाद दिवशी राहिली तरी प्रेशर लगेच उसळत नाही (म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या असं मात्र नाही हां). पण त्याच कारणाने सुरुवातीला पण संथ, पूर्ण असर दिसायला आठवडा दोन आठवडे जातात, आणि तोवर दर तासाला मशीन लावून बसलात तर मशीनमुळेच बीपी वाढेल.

आता पायाची सूज. अॅम्लोबद्दल लोकांची मुख्य तक्रार हीच, आणि माझी पण. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकची खोल चरी, अंगठा दाबला की खड्डा, आणि तो भरून यायला चांगला वेळ. सकाळी उठलं की पाय परत नॉर्मल. बघणारा प्रत्येक जण म्हणतो किडनी तपासून घे, पण बहुतेकदा भानगड वेगळीच असते. ही गोळी रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या सैल करते, परत नेणाऱ्या तेवढ्या सैल होत नाहीत, मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्यापाशी बसतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने या सुजेला फारसा फरक पडत नाही. डोसचा मात्र थेट संबंध आहे, 5 मिग्रॅवर 100 तल्या साधारण 3 जणांना होते आणि 10 वर 10-11 जणांना, बायकांना जास्त. एकाच पायाला सूज असेल किंवा सोबत दम लागत असेल तर मात्र गोळीवर ढकलू नका, लगेच दाखवा. हिरड्या फुगणं पण होतं कधीकधी, दातांच्या डॉक्टरला गोळीचं नाव सांगून ठेवा.

टेल्मिसार्टन वेगळ्या वाटेने जाते. अँजिओटेन्सिन 2 नावाचं रसायन नळ्या आवळायला लावतं, ते जिथे जाऊन चिकटतं ती जागाच ही अडवते. पायाला सूज नाही, खोकला जवळजवळ नाही. रामिप्रिल, एनालाप्रिल या तिच्या चुलत बहिणींनी काही लोकांना जो कोरडा ठसका लागतो तो हिच्यात क्वचितच. आणि 2008 च्या ऑनटार्गेट अभ्यासात हार्ट अटॅक-स्ट्रोक टाळण्यात ही रामिप्रिलच्या तोडीस तोड निघाली, पण दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा वाढला नाही, त्रास वाढला. शुगर असेल आणि लघवीतून प्रोटीन जात असेल तर डॉक्टर आधी याच घराण्यातली गोळी काढतात, ते उगाच नाही.

पण टेल्मीला लाड पुरवावे लागतात. सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम (या गोळीने ते वाढू शकतं) आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा) बघायचं, तो कंटाळा करायचा नाही. 'कमी सोडियम'वालं मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. गरोदरपणात बिलकुल नाही, प्लॅन करत असाल तर आधीच सांगा. आणि गोळी दमट हवेत चटकन खराब होते म्हणून घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची, आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत आधीच काढून ठेवू नये. डबीवाल्या माणसाला हे फार गैरसोयीचं आहे, हाफ स्टार इथेच कापला.

प्रेशर किती उतरतं यात मला दोघींत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. एकीचा डोस दुप्पट केल्यापेक्षा दोघी थोड्या थोड्या घेतल्या तर जास्त उतरतं आणि वर टेल्मीमुळे अॅम्लोची सूज पण कमी होते, कारण ती परतीच्या नळ्याही सैल करते. म्हणून कॉम्बिनेशनची एकच गोळी मिळते आणि मी सध्या तीच घेतो, चरी आता जेमतेम दिसते. सकाळी की रात्री यावर वाद घालू नका, 2022 च्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासात काही फरक निघाला नाही, आठवणीत राहील ती वेळ धरा.

एक अजून, कंबर दुखली की मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांसाठी. त्याने प्रेशर चढतं, आणि टेल्मीसोबत लघवीची गोळी पण चालू असेल तर किडनीवर तिहेरी मार बसतो. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तेव्हा पण टेल्मी चालू ठेवायची की थांबवायची हे त्याच दिवशी फोन करून विचारा.