एक ताट भरीत आणि सतरा 'भो'

थंडीत जावई आले की भरीत ठरलेलं. वांगी भाजायला फ्लॅटमध्ये कपाशीच्या वाळक्या काट्या कुठून आणणार, म्हणून आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल रस्त्यावरच्या एका भरीत सेंटरवर गेलो. दारातच पोऱ्या म्हणाला, "बसा भो, जागा हाये." जावईबापूंचं तोंड उतरलं. 'भो' ही आमची खानदेशी हाक, कुणालाही मारायची; पुण्यात त्यांना सगळे 'सर' म्हणतात.

मी 31 वर्षं एसटीत कंडक्टर. म्हटलं, बापू, राग धरू नका, नुसतं ऐका. वीस मिनिटांनी विचारलं, तर "झालंच भो." हा धीराचा. आणखी वीस मिनिटं गेली आणि शेजारच्या टेबलावरून "काय भो!" आला. हा भांडणाचा, पण बसल्या जागेवरून.

बापूंनी लगेच संस्कृत काढलं. 'भो राजन्' मधला 'भोः' हा 'भवत्' वरून आलेला, म्हणजे मानाचाच. स्वतःला राजन् समजून ते जरा खुलले. माझं मत साधं आहे: भाऊ घासून भो झाला. चालत्या गाडीत 'ओ भाऊ, थांबवा' म्हणेस्तोवर स्टॉप मागे जातो! पण माझी लेक लहानपणी आईलाही "नाही भो" म्हणायची, तिथे कुठला भाऊ आणि कुठला राजा? तिथे उरला तो नुसता हेल.

भरीत आलं आणि बोलणं थांबलं. वांगी हिरवी, पांढऱ्या रेघांची, बी नावाला. याच आपल्या जळगावी भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. इथे ती काट्यांवरच भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात, त्यामुळे गराचे धागे दाताखाली येतात. मिक्सरमध्ये त्याची खळ होते. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कच्ची कांद्याची पात. लाल तिखटाचा कण नाही. भरिताला दहापैकी नऊ.

पुरीला तीन. कळण्याची म्हणून मागितली, ताटात गव्हाची. ज्वारी-उडदाचा तो खरखरीतपणा कुठे? "हे काय भो?" विचारलं.

"कळणा सरला भो."

हा सतरावा, बापू बोटांवर मोजत होते. दोघांचे 260 रुपये झाले. रविवारी जाऊ नका, आणि बसायच्या आधी कळण्याचं विचारून घ्या.