समुद्र बुजवायचा की खाडी ओलांडायची?

१९६०च्या दशकात मुंबईपुढे वाढीच्या दोन वाटा होत्या. एक, बॅकबेमध्ये भराव टाकून नरिमन पॉइंट उभा करायचा. दुसरी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी सुचवलेली: खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई.

भरावाचा हिशेब सोपा. जमीन नवी, कुणाचं शेत जात नाही, भाव चढा मिळतो. पण कचेऱ्या बेटाच्या टोकाला आणि घरं उत्तरेला. सकाळी सगळी लोकल एकाच दिशेला कोंबलेली, ती त्यामुळेच.

खाडीपलीकडे १९७० साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, ९५ गावं. तिथले धारण तलाव मला फार मोलाचे वाटतात. सखल भागात भरतीच्या वेळी पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला झडपांतून खाडीत जातं, त्यामुळे भराव कमी लागला. हे तलाव गाळाने भरू दिले तर मात्र वाशी-बेलापूर बुडायला वेळ लागणार नाही.

या वाटेची किंमत आगरी-कोळी शेतकऱ्यांनी मोजली; शहरासाठी जमिनी त्यांच्या गेल्या. १९८४च्या जानेवारीत उरण भागातल्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचं धोरण त्यानंतरचं.

तरी मी खाडीपलीकडचीच वाट निवडेन. फक्त रेल्वे आधी हवी होती, ती वाशीला १९९२ साली पोहोचली. आणि मंत्रालय तिकडे जायला हवं होतं. ते गेलंच नाही.