परिच्छेदलेखन: वाक्यपट्ट्या की चौकटींचा तक्ता?

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: चौथीतल्या मुलाला घरी मराठी परिच्छेद शिकवायचा, तर वाक्यपट्ट्या घ्याव्यात की चौकटींचा तक्ता? पट्ट्या म्हणजे एकेक वाक्य लिहिलेले कागदाचे तुकडे, मुलानं ते निवडून, जुळवून परिच्छेद करायचा; तक्ता म्हणजे कागदावर आखलेल्या रिकाम्या चौकटी, त्या मुलानं लिहून भरायच्या.

खर्च दोन्हींत नगण्य, पाठकोरे कागद पुरतात. मेहनत पट्ट्यांत जास्त, कारण वाक्यं आपण तयार करायची. इंदूरच्या सराफा बाजाराचंच उदाहरण घ्या: ‘सराफा दिवसा एक आणि रात्री वेगळाच दिसतो’ हे मुख्य वाक्य. ‘दिवसा सोन्याचांदीची दुकानं उघडी असतात’, ‘ती बंद झाली की खाण्याचे ठेले लागतात’ ही आधाराची. त्यांत ‘राजवाडा सात मजली आहे’ ही पट्टी मुद्दाम मिसळा. माहिती खरी असूनही ती इथे का नको, हे मुलानंच सांगायला हवं. माझ्या मते सगळ्यात मोलाचा सराव हाच, आणि तक्ता तो देत नाही.

तक्त्यात वर मुख्य वाक्य, खाली तीन तपशील, शब्द मुलाचेच. म्हणून लिहिता हात इथेच तयार होतो. फक्त ‘सराफा छान आहे’वर मूल थांबलं, तर ‘कशावरून?’ एवढंच विचारा.

घरात हिंदी-मराठी मिसळलेली, मूल लिहायला बिचकतं किंवा विषय सोडून भरकटतं, तर पट्ट्या. वाक्यं नीट जमतात पण दोन ओळींत आटोपतं, त्याला तक्ता.