क्युबाचा सिगार घ्यावा की निकाराग्वा-डोमिनिकनचा?

सिगारच्या कागदी पट्टीवर 'मॉन्टेक्रिस्टो' लिहिलंय म्हणजे सिगार क्युबाचाच, असं नसतं. सप्टेंबर 1960 मध्ये क्युबाच्या सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले, अनेक मालक आणि कारागीर देश सोडून गेले, आणि फेब्रुवारी 1962 मध्ये अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातली. तेव्हापासून एकाच नावाची दोन घराणी झाली. कोहिबा, मॉन्टेक्रिस्टो, रोमिओ इ हुलिएता, पार्तागास, एच. उपमन, पंच, होयो दे मॉन्टेरे ही सगळी नावं क्युबाबाहेर, मुख्यतः डोमिनिकन प्रजासत्ताक आणि होंडुरासमध्येही बनतात आणि अमेरिकेत विकली जातात. दोन्ही माल कायदेशीर आणि आपापल्या जागी अस्सल, पण आतल्या पानांचा एकमेकांशी काही संबंध नाही. काळ्या पट्टीवर लाल ठिपका असलेला कोहिबा डोमिनिकन असतो. क्युबाच्या कोहिबाची पट्टी पिवळी, काळी आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळींची असते. म्हणून किंमत विचारायच्या आधी देश विचारावा.

खरा फरक पानात आहे. क्युबाच्या हातवळ्या सिगारमधलं प्रत्येक पान क्युबातच पिकलेलं असतं. सगळ्यात नावाजलेली जमीन पश्चिमेकडच्या पिनार देल रिओ प्रांतातली, व्हुएल्ता आबाहो या पट्ट्यातली. सान लुईस आणि सान हुआन ई मार्तिनेस ही तिथली गावं. रॅपरचं, म्हणजे सगळ्यात वरचं पान पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. आतलं फिलरचं पान उघड्या उन्हात वाढतं, आणि झाडावर ते किती उंचीवर होतं त्यावरून त्याचं काम ठरतं. खालचं व्होलादो नीट जळण्यासाठी, मधलं सेको सुगंधासाठी, वरचं लिहेरो ताकदीसाठी. जितकं वरचं पान तितकी तंबाखू कडक, हे निपाणीकडची तंबाखू पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

बाकीच्या देशांना ही एका मातीची अट नाही. निकाराग्वातला कारखाना एस्तेलीचं कडक पान, हालापाचं गोडसर पान आणि ओमेतेपे या ज्वालामुखीच्या बेटावरचं पान एकत्र करतो, वर इक्वेडोरचा रॅपर चढवतो. इक्वेडोरमध्ये ढगच इतके असतात की रॅपरच्या पिकाला वेगळ्या मांडवाची गरज फारशी पडत नाही. मेक्सिकोच्या सान आंद्रेसचं काळं पान, कॅमेरूनचं पान, अमेरिकेतल्या कनेटिकटचं ब्रॉडलीफ, हे सगळे रॅपर याच बाजारात फिरतात. क्युबाकडे एकच मसाल्याचा डबा आहे आणि त्यातले जिन्नस अव्वल आहेत. इतरांकडे सात-आठ डबे आहेत. त्यामुळे क्युबाबाहेर चवीची विविधता कितीतरी जास्त मिळते, आणि एखाद्या देशाचं पीक एका वर्षी फसलं तरी मिश्रण सांभाळून घेता येतं. क्युबाला ती सोय नाही. सप्टेंबर 2022 मधल्या इयन वादळाने पिनार देल रिओतली पानं वाळवायची हजारो घरं पाडली, आणि त्यांची जागा घ्यायला दुसरा देश नव्हता.

चवीबद्दल बोलायचं तर क्युबाचा सिगार बहुतेकांना वाटतो तितका कडक नसतो. होयो दे मॉन्टेरेचा एपिक्युअर नंबर 2 सौम्य आहे: देवदार लाकूड, भाजलेला पाव, थोडा मध. पार्तागासचा सेरिए डी नंबर 4 त्याच मापाचा, 124 मिलिमीटर लांब आणि 50 रिंगचा (एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी साधारण 20 मिलिमीटर), पण मातकट आणि मिरीकडे झुकणारा. क्युबाची ओळख पटवायला हे दोन पुरेसे आहेत. निकाराग्वाचा ओलिवा सेरी व्ही किंवा पाद्रोनचा 1964 ॲनिव्हर्सरी पेटवला की पहिल्या काही झुरक्यांतच काळी मिरी, कोको, कडक कॉफी जाणवते आणि निकोटीन लवकर चढतं. उपाशीपोटी असा सिगार ओढला तर घाम फुटतो, मळमळतं. जेवणानंतर ओढावा आणि गरगरायला लागलं तर बाजूला ठेवून काहीतरी गोड खावं. डोमिनिकनचे सिगार, विशेषतः डेव्हिडॉफ, मऊ आणि मलईदार. आर्तुरो फुएन्तेच्या हेमिंग्वे मालिकेत कॅमेरूनच्या रॅपरमुळे गोडसर मसालेदारपणा येतो. होंडुरासच्या हामास्त्रान खोऱ्यातलं पान मातकट आणि जड.

आता बांधणी. क्युबाबद्दल सगळ्यात जास्त तक्रार इथेच होते आणि ती खरी आहे. हाताने वळताना मधली पानं घडी घालून किंवा गुंडाळून ठेवतात. एखादं पान पिळलं गेलं तर आत गाठ बसते आणि हवा अडते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मागणी वाढल्यावर क्युबाच्या कारखान्यांतून असा कोंडलेला माल बराच आला. त्यानंतर तिथे ड्रॉ, म्हणजे ओढताना हवा किती सहज येते, ते तपासायची यंत्रं आली आणि सुधारणा झाली, तरी पंचवीसच्या पेटीत एखाद-दुसरा बंद निघाला तर नवल नाही. पाद्रोन किंवा डेव्हिडॉफच्या पेटीत हे क्वचित घडतं.

गाठ आहे का हे पेटवण्याआधी कळतं. सिगार दोन बोटांत धरून अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच दाबत न्यावा. सगळीकडे सारखा लवचिक लागला तर ठीक. मध्ये खडा असल्यासारखं कडक लागलं तर तिथे गाठ, आणि पोकळ लागलं तर तिथे सिगार फार भराभर आणि गरम जळणार. मग टोपीकडचं, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाचं, दोन मिलिमीटर कापून न पेटवता ओढून पाहावा. जाड मिल्कशेक स्ट्रॉने प्यायल्यासारखं वाटलं तर घट्ट आहे. घट्टपणा ओलाव्यामुळेही येतो, म्हणून आधी तो सिगार 62 टक्के आर्द्रतेच्या डब्यात तीन-चार दिवस ठेवावा. तरी सुटला नाही तर टोपीच्या बाजूने बारीक सळई फिरवत चार-पाच सेंटिमीटर आत न्यावी आणि तशीच बाहेर काढावी. ढकलली तर रॅपर फाटतो. सिगार एका बाजूने होडीसारखा जळत गेला तर बहुतेक वेळा सावकाश जळणारं लिहेरो मध्यभागी न बसता कडेला गेलेलं असतं. मागे राहिलेल्या बाजूला ज्योत लावून ती बरोबरीला आणावी.

मुरवण्यातही फरक आहे. पाद्रोन 1964 साठी किमान चार वर्षं मुरवलेली तंबाखू वापरते, त्यामुळे पेटी उघडली की सिगार तयार असतो. क्युबाचा ताजा सिगार पुष्कळदा कच्चा असतो: अमोनियाचा उग्र वास, जिभेवर चरचर. पेटीच्या तळावरची तारीख वर्षभराच्या आतली असेल तर तो माल आणखी दीड-दोन वर्षं ठेवण्याची तयारी हवी. तो खर्च आणि ती जागा किमतीत धरायची. 2022 पासून कोहिबाचे भाव जगभर एकसारखे वर नेल्यावर तर एका कोहिबाच्या पैशात निकाराग्वाचे चांगले तीन-चार सिगार येतात. निव्वळ पैशाच्या हिशोबात कोहिबा परवडत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पार्तागास, होयो, एच. उपमन यांत क्युबा कमी पैशांत तितकीच नीट कळते.

नकली मालाचा धोका जवळपास सगळा क्युबाच्या बाजूला आहे, कारण नाव तिथे विकलं जातं. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी शंभर टक्के खोटी. तशी पेटी कारखान्यातून निघतच नाही. खऱ्या पेटीच्या डाव्या कडेला हिरवी-पांढरी सरकारी पट्टी असते, 2010 च्या आसपासपासून तिच्यावर होलोग्राम आणि बारकोड आहे. पेटी उलटी करा. तळाच्या लाकडात 'हबानोस एस.ए.' हे क्युबाचे सिगार विकणाऱ्या कंपनीचं नाव, 'एचो एन कुबा' म्हणजे क्युबात बनवलेलं, आणि 'तोतालमेन्ते आ मानो' म्हणजे पूर्णपणे हाताने, हे दाबून उमटवलेलं असतं. बोट फिरवलं की खोलगट लागतं. शेजारी शाईने कारखान्याचा तीन अक्षरी संकेत आणि महिना-वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये असतो, म्हणून जानेवारीला एनेरोची, ऑगस्टला आगोस्तोची पहिली तीन अक्षरं. इंग्रजी महिना छापलेला दिसला तर पेटी खाली ठेवा. 'त्रिपा कोर्ता' हे शब्द जोडलेले असतील तर आत तुकडे केलेली पानं आहेत. किंतेरोसारख्या स्वस्त ब्रँडमध्ये ते असतात आणि तो दोष नाही, पण त्यासाठी अख्ख्या पानाचा भाव देऊ नये. विमानतळावर मिळणारे कोहिबाचे छोटे डबीतले मिनी यंत्रावर बनतात, त्यांवरून क्युबाचं मोजमाप करू नये. भारतात अधिकृत मार्गाने आलेल्या पेटीवर 85 टक्के जागेत चित्रमय इशारा आणि छापील किंमत असावीच लागते. ती नसलेली पेटी 'ओरिजिनल, बाहेरून आणलेली' म्हणून कुणी पुढे केली तर नकली किंवा चोरटा, दोन्हींची शक्यता धरावी.

परदेशातून येताना 25 सिगारपर्यंत शुल्क लागत नाही, पण ती सूट सिगारेटी किंवा सुट्या तंबाखूच्या सवलतीऐवजी मिळते, दोन्ही एकत्र नाही. नियम बदलतात, निघण्याआधी पाहून घ्यावा. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी निर्णय आधीच झालेला आहे: 24 सप्टेंबर 2020 पासून प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठीही क्युबाचा सिगार तिथे नेता येत नाही. दुबईच्या ड्यूटी-फ्रीमधून घेतलेली पेटी न्यूअर्कला जप्त होऊ शकते.

आपल्याकडे मात्र सिगार बिघडतो तो देशामुळे कमी, हवेमुळे जास्त. जुलैमध्ये मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असते. आतलं फिलर फुगतं, पातळ रॅपर तितका ताणत नाही आणि उभा चिरतो. क्युबाचा रॅपर नाजूक, तो आधी जातो. सान आंद्रेस किंवा ब्रॉडलीफचा जाड रॅपर जास्त सोसतो. उलट मे महिन्यात नागपुरात पान पापडासारखं कोरडं होतं, टोपी कापताना तडकते, आणि एकदा तेल उडालं की पुन्हा ओलावा दिला तरी चव परत येत नाही. ह्युमिडॉर म्हणजे सिगार ओलसर ठेवायच्या शोभेच्या लाकडी पेटीपेक्षा घट्ट झाकणाचा साधा प्लास्टिकचा डबा बरा: पंचवीस सिगारना 60 ग्रॅमचं एक दुहेरी आर्द्रता पाकीट (कोरड्या हवेत ओलावा देणारं, दमट हवेत शोषणारं), क्युबासाठी 62 किंवा 65 टक्क्यांचं, बाकीच्यांसाठी 65 किंवा 69 चं. डब्यात आर्द्रतामापक ठेवावा आणि डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, भिंतीतल्या कपाटात.

दुसरा शत्रू किडा. तांदळात टोके होतात तसे पानात अंडी असतात, आणि 24-25 अंशांच्या वर ती फुटतात. रॅपरवर टाचणीएवढं गोल भोक आणि खाली बारीक पूड दिसली की समजावं. नवीन पेटी आणली की हवाबंद दुहेरी पिशवीत घालून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि नंतरच बाहेर. थेट फ्रीझरमधून उकाड्यात काढलं तर रॅपर फुटतो. पांढरी, केसाळ बुरशी पेटवायच्या टोकाच्या आत शिरली असेल तर तो सिगार फेकावा. वरवर असेल तर कोरड्या कापडाने पुसून वेगळा ठेवावा.

धूर छातीत घेत नाही म्हणून धोका नाही, हा समज चुकीचा आहे, मग सिगार कुठल्याही देशाचा असो. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं, तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारनेही होतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये पाकीटभर सिगारेटींइतकी तंबाखू असू शकते. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांनी करू नये. क्वचित एखादा ओढणाऱ्याने पेटीपेक्षा सुटे घ्यावेत आणि लहान माप निवडावं. क्युबात मॉन्टेक्रिस्टो नंबर 4 (129 मिलिमीटर, 42 रिंग) आहेच. डोमिनिकनमध्ये फुएन्तेचा शॉर्ट स्टोरी, चार इंचांचा.

पहिल्यांदा निवडणाऱ्याने क्युबाबाहेरून सुरुवात करावी, मऊ आवडत असेल तर डोमिनिकन, ब्लॅक कॉफी आवडत असेल तर निकाराग्वा. कारण साधं आहे: सिगार नीट ओढला गेला नाही तर चूक आपली की मालाची हे नवख्याला कळत नाही, आणि या मालात ती शंका कमी राहते. आवड पक्की असेल, दोन वर्षं सांभाळायची जागा असेल आणि अधिकृत दुकान हाताशी असेल, त्याने क्युबाची पेटी घ्यावी. नीट मुरलेल्या होयोमधला तो देवदार आणि मध दुसऱ्या कुठल्याही मातीतून तसा येत नाही.

ठरत नसेल तर पार्तागास डी 4 आणि पाद्रोन 1964 चा साधारण त्याच मापाचा सिगार, एकेक सुटा घ्यावा. दोन्ही एकाच डब्यात 65 टक्क्यांवर तीन आठवडे ठेवून आठवड्याच्या अंतराने ओढावेत, जेवणानंतर, सोबत फक्त पाणी. मिनिटाला एकच झुरका; त्याहून भराभर ओढला तर सिगार तापतो आणि दोन्ही सारखेच कडू लागतात. या मापाला पाऊण ते एक तास पुरतो. शेवटच्या तिसऱ्या भागात पाद्रोन कोकोकडे जड होत जातो आणि पार्तागास मिरीकडे चढतो. तिथे कुठला आणखी थोडा पुढे ओढावासा वाटला, ते लिहून ठेवावं.