पुन्हा रूट कॅनाल की इम्प्लांट?

रूट कॅनाल केलेली दाढ परत ठणकतेय, आता पुन्हा रूट कॅनाल करू की दाढ काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू रुजवून त्यावर बसवलेला कृत्रिम दात) करू, असं वहिनी विचारत होत्या. मुळातल्या बारीक नळ्यांत जंतू उरतात. त्यातला एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जंतू तर नळ्यांत भरतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइड या जंतुनाशक औषधालाही सहसा दाद देत नाही.

खर्चात पुन्हा रूट कॅनाल बहुधा स्वस्त. पण जुनी कॅप बऱ्याचदा कापावी लागते, तेव्हा नवीचे पैसे धरूनच हिशेब करा.

वेळ? रूट कॅनाल दोन-तीन खेपांत उरकतं, इम्प्लांटचा स्क्रू हाडात रुजायलाच काही महिने जातात.

इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण भोवतालची हिरडी सुजून हाड झिजू शकतं.

मुळं शाबूत असतील तर दाढ वाचवा. मुळाला उभी चीर गेली असेल तर काढूनच टाका. मधुमेह असल्यास इम्प्लांटआधी साखर आटोक्यात हवी.