दुसरा नंबर घेणं सोपं, चालू ठेवणं महाग

कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात दुसरं सिम दहा-पंधरा मिनिटांत मिळतं, बऱ्याचदा फुकटही. म्हणून लोक सिमवरची ऑफर बघून कंपनी ठरवतात. दुसऱ्या नंबरचा खरा खर्च वर्षभराच्या रिचार्जचा. तो हिशेब आधी मांडा, सिम नंतर घ्या.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणं बंधनकारक केलं. जानेवारी 2025 मध्ये ते बाजारात आले. त्या वेळी एअरटेलचा 1849 रुपयांत 365 दिवस, जिओचा 1748 रुपयांत 336 दिवस, दोन्हींत 3600 एसएमएस. जिओ शंभर रुपयांनी स्वस्त वाटतो, पण दिवसाला भागून बघा: एअरटेल 5 रुपये 7 पैसे, जिओ 5 रुपये 20 पैसे. याउलट 199 रुपयांचा 28 दिवसांचा प्लॅन वर्षात 13 वेळा मारावा लागतो, म्हणजे 2587 रुपये. आकडे बदलत राहतात, भागाकार मात्र दर वेळी करायचा. ॲप उघडल्याउघडल्या डेटावाले प्लॅनच समोर येतात, डेटा नसलेले खाली शोधावे लागतात.

‘20 रुपये बॅलन्स ठेवा, सिम कायम चालू’ हा फिरता मेसेज अर्धाच खरा आहे. 90 दिवस कॉल, एसएमएस, डेटा काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. त्या वेळी खात्यात 20 रुपये असतील तर ते कापून आणखी 30 दिवस मिळतात, आणि नंबर गेलाच तर परत मिळवायला 15 दिवसांची मुदत असते. पण यात फक्त नंबर तुमच्या नावावर राहतो. व्हॅलिडिटी संपल्यावर आधी आउटगोइंग, मग इनकमिंग बंद, आणि ओटीपीही येत नाही. बँकेला दिलेला नंबर असा ‘वीस रुपयांवर’ ठेवू नका.

कंपनी पहिल्या सिमपेक्षा वेगळीच घ्या. घाटात किंवा कोकणातल्या गावी एकाची रेंज गेली की दुसरं सिम तारतं. दोन्ही एकाच कंपनीची असली तर दोन्ही एकदमच मरतात. दुसरं सिम जुन्या कीपॅडच्या फोनात टाकणार असाल तर जिओ बाद, कारण जिओचं टूजी नाही आणि फोनला व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय, लागते.

ई-सिम (कार्डाऐवजी फोनमधल्या चिपमध्येच भरलं जाणारं सिम) की साधं सिम? फोनमध्ये हायब्रिड ट्रे असेल, म्हणजे दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड यांपैकी एकच बसत असेल, तर ई-सिमने जागा वाचते. आधी *#06# डायल करा. आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) जोडीला 32 आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिम चिपचा क्रमांक, दिसला तर फोन ई-सिमवाला आहे. ई-सिमसाठी कंपनी पाठवते तो क्यूआर कोड ज्या फोनात ई-सिम टाकायचं त्याच फोनच्या स्क्रीनवर उघडला तर स्कॅन कशाने करणार? तो लॅपटॉपवर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडा. फोनला वायफाय असू द्या आणि मधेच काही डिलीट करू नका, कोड साधारणपणे एकदाच चालतो. चालू सिमचं ई-सिम केलं की 24 तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. सिमचा गैरवापर टाळायला तशी सक्तीच आहे. त्यामुळे तत्काळ तिकीट काढायच्या किंवा रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी हे काम नको.

आमचं मत: बँकेचा नंबर साध्या सिमवर, गिऱ्हाइकांना दिलेला ई-सिमवर. स्क्रीन फुटली तर साधं सिम काढून घरातल्या कुठल्याही फोनात घालता येतं, ई-सिम अडकून बसतं. चोरालाही तीच सोय आहे म्हणा, म्हणून सिमला पिन लावा. पिन तीनदा चुकला की फोन पीयूके (सिम उघडायचा कंपनीचा कोड) मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की ते सिम कायमचं निकामी.

व्हॉट्सॲपसाठी दुसरा फोन लागत नाही. अँड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन खाती चालतात, नाहीतर दुसऱ्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकायचं. दुकानाची लँडलाइन असेल तर तिच्यावरही बिझनेस खातं निघतं. कोडच्या एसएमएसची वेळ संपू द्या, मग कॉलचा पर्याय निवडा. कोड मशीन बोलून दाखवतं. लँडलाइनवर ‘विक्रीसाठी एक दाबा’ छापाची यंत्रणा असेल तर कोड तिलाच ऐकवला जातो, तेवढी पाच मिनिटं ती बंद ठेवा. खातं निघालं की सिम ड्रॉवरमध्ये टाकायची सवय आता सोडा. असं ॲप फोनातल्या चालू सिमला बांधून ठेवा, असा आदेश दूरसंचार विभागाने ॲपवाल्या कंपन्यांना 28 नोव्हेंबर 2025 ला काढला आहे.

ॲपवर मिळणाऱ्या ‘व्हर्च्युअल’ नंबरांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फुकट परदेशी नंबरांवर बँकेचं काम होत नाही, आणि तो नंबर उद्या दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना गूगल व्हॉइस उपयोगी आहे, पण खातं उघडताना तिथलाच एक नंबर आधी हातात लागतो. इथे पाच-सहा माणसांनी एकच नंबर उचलायचा असेल तरच क्लाउड टेलिफोनीवाल्यांकडे (एका नंबरचे कॉल इंटरनेटवरून अनेकांना वाटून देणाऱ्यांकडे) जा. एकट्या दुकानदाराला तो खर्च झेपत असला तरी गरज नाही.

आता दुकानात. ‘नवा’ नंबर बहुतेकदा कुणीतरी वापरून सोडलेला असतो. पसंतीला दिलेले चार-पाच नंबर यूपीआय ॲपमध्ये ‘नंबरवर पैसे पाठवा’ इथे टाकून बघा. कुणाचं नाव आलं तर तो सोडून द्या, नाहीतर आधीच्या मालकाच्या कर्जवसुलीचे फोन तुम्हाला येतील. नंबर व्हॉट्सॲपवर कुणाचा फोटो दाखवत असेल तरी तेच.

आणि अंगठा. ‘मशीनने घेतला नाही, परत लावा’ असं दुकानदार म्हणाला तर आधी स्क्रीनवर काय चूक आली ते दाखवायला सांगा. पहिल्या अंगठ्यावर तुमचं सिम आणि दुसऱ्यावर भलत्याचंच, हा जुना खेळ आहे. दुसऱ्या दिवशी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘माझ्या नावावरची कनेक्शन’ उघडा. एका माणसाला नऊ कनेक्शनची मर्यादा आहे (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा). यादीत अनोळखी नंबर दिसला तर त्याच्यासमोर ‘माझा नंबर नाही’ निवडून तक्रार नोंदवा.